केतम्माने मोकळी केलेली वाट

केतम्मा आमच्या बिळिगिरी डोंगरावरची, सोलिग या आदिवासी जमातीतली बाई. देवीच्या वाटेवरची घाणेरी तिने उन्हाळ्यात एकटीने मुळासकट उपटली. तिची जाऊ जडेक्का म्हणाली होती, "अगं, घाणेरीच्या सावलीत रानमोडी दबून बसलीय, तीही काढ."

"आळशाला दुसऱ्याला काम सांगायला निमित्तच हवं!" केतम्मा हसली होती.

पावसानंतर ऊन मिळालेली रानमोडी डोक्यापर्यंत उंच वाढली आणि वाट बुजली. आज जत्रेला आम्ही सगळे खरचटत वर पोचलो. वाट करणारीने नाचणीच्या उंड्यांचं पहिलं ताट देवीपुढे न्यायचं, अशी रीत आहे. केतम्माने मान खाली घालून ते जडेक्कापुढे धरलं.

"वाट तू केलीस ना? मग ने की! एका सवतीला हाकललंस, दुसरीने घर बळकावलं."

बायका हसल्या. केतम्माने ताट नेलं खरं, पण देवीकडे तिला वर बघवेना.