लेथ थांबता कामा नये

मशीन फिरतंय म्हणजे काम होतंय, असं मी एकदा अख्खा आषाढ मानून चालले, आणि त्यापायी एका बाईची भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, जवळजवळ बुडवली. एवढी मोठी चूक साध्यासुध्या माणसाच्या हातून होत नाही. त्यासाठी पुण्याला जाऊन प्लॅनिंगचा कोर्स करावा लागतो. तो मी केला होता.

पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड होती. ऐंशीच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग अशा शेडांमधून बनून जायचे. मोठ्या कारखान्यात एकच वस्तू वर्षभर बनते. आमच्याकडे सगळ्याचं थोडं थोडं. फ्लँज म्हणजे कडेनं भोकं पाडलेली लोखंडाची जाड चकती. आज या मापाच्या, उद्या त्या मापाच्या, आणि परवा पहिल्याच मापाच्या, पण भोकं वेगळी. चकती लेथवर गोल व्हायची, ड्रिलवर तिला भोकं पडायची, मग ती टेम्पोत बसून निघून जायची. कुठला जॉब केव्हा कुठल्या मशीनवर चढवायचा, हे ठरवायला मालकांनी मला ठेवलं होतं. शेडमधली फळा आणि रंगीत खडू असलेली मी एकटीच. मनगटावर घड्याळ, कानावर पेन्सिल. पेन्सिलीचा कधी उपयोग झाल्याचं आठवत नाही, पण ती शोभायची.

परवा हिंजवडीत नोकरी करणारी नात सांगत होती, "आजी, हे सगळं आता कॉम्प्युटर ठरवतो. याला फ्लेक्सिबल मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात."

"आमच्या वेळी याला बोंबाबोंब म्हणायचे," मी म्हटलं.

मालकांची एक सवय होती. ते केबिनमध्ये डोळे मिटून बसायचे आणि कानांनी शेड चालवायचे. एखादं मशीन गप्प झालं की लगेच बाहेर. खंडेनवमीला हळदकुंकू वाहून मशीन बंद ठेवतात, तेवढंच काय ते बंद; बाकी वर्षभर गप्प मशीन म्हणजे पाप. मला मालकांची शाबासकी हवी होती, म्हणून मी फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या खडूनं लिहून टाकलं : लेथ थांबता कामा नये.

आणि लेथ थांबला नाही. एका मापाचं लोखंड संपलं की मी दुसऱ्या मापाचं पुढे करायची. फळ्यावर लेथची रांग हिरवी, लोखंड तासायच्या मिलिंग मशीनची हिरवी. काम तुंबलं म्हणून लाल होती फक्त ड्रिलची.

ड्रिलवर आक्का होती. वयानं माझ्याहून मोठी, आवाजानं सगळ्यांहून. तिची दोन खाचरं होती आणि नवरा कामाला मुंबईत. आमच्याकडे आवणी इर्जिकीनं व्हायची : आज सगळी मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. पण दुसऱ्याच्या चिखलात तुमचे हात दिसले, तरच तुमच्या चिखलात त्यांचे दिसणार. आक्काला म्हणून आधी लोकांकडे जायचं होतं, मग स्वतःकडे. तिचं रोप तयार होतं. मालकांनी सुट्टी दिली होती, पण अट घालून : टेम्पो भरून गेला की जा.

रोज सकाळी ती विचारायची, "बाई, आज जाऊ का वं?"

आणि मी फळ्याकडे बघून म्हणायची, "तुमचं लाल आहे अजून."

लाल का होतं, ते ऐका. प्रत्येक मापाच्या चकतीला भोकं पाडायचा साचा वेगळा. त्याला जिग म्हणतात. तो सोडायचा, दुसरा बसवायचा, एक भोक पाडून तपासायचं, मग खरं काम सुरू. मी काय करायची? लेथकडून जे येईल ते तिच्यापुढे टाकायची, आणि केबिनमधून हुकूम आला की, "आक्का, ते राहू द्या, हे आधी घ्या." जेवायच्या सुट्टीपर्यंत ती नुसते साचेच बदलत असायची. शेवटी एके दिवशी मी, नाक वर करून, सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, तुमचा हात जरा जड चालतो."

तिनं ड्रिल बंद केलं. "माजा हात जड न्हाई, बाई. तुमची थप्पी जड हाय. हिकडं या, हितनं वाट काडून दावा!"

वाट खरंच नव्हती. चकत्यांच्या थप्प्यांनी ड्रिलला वेढा पडला होता. आक्का आत शिरायला आडवी व्हायची, आणि आक्का काही आडवी होण्यासारखी बाई नव्हती. लेथवाला हसला. मी त्याच्यावर डोळे वटारले आणि पुढचं लोखंड दिलं.

दोन दिवसांनी टेम्पो आला. हवा होता एकाच मापाचा माल, आणि तो होता थप्प्यांच्या तळाशी, भोकांवाचून. ड्रायव्हर विडी ओढत बसला. मालक बाहेर आले.

"सगळी मशीन चालू आहेत ना?"

"हो," मी अभिमानानं म्हणाले.

"मग माल कुठंय?"

याचं उत्तर माझ्या कोर्सात नव्हतं. टेम्पो रिकामा गेला. उद्या संध्याकाळी परत येतो, म्हणून गेला. मी एका थप्पीवर बसले. पलीकडे आक्का पुन्हा जिग सोडत होती.

रस्त्यापलीकडच्या खाचरात बायका ओळीनं वाकल्या होत्या. बांधावर रोपाच्या मोजक्याच मुठी पडलेल्या. मी बघत राहिले. मी काही पुण्यात जन्मलेली नाही. गुडघाभर चिखलात मीही आवणी केली आहे. रोप उपटायचं ते लावणारे हात पुरतील तेवढंच. उपटणारा कितीही चपळ असला, तरी बांधावर ढीग घालत नाही, कारण लावायच्या आत ते सुकतं. उपटणाऱ्याला काम नसेल तर तो चिखलात उतरतो आणि लावू लागतो. "माझं काम फक्त उपटायचं" असं बांधावर बसून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि शेडमध्ये मी काय केलं होतं? अख्खी रोपवाटिका उपटून बांधावर रचली होती, आणि वर लावणाऱ्या बाईला म्हटलं होतं, तुझा हात जड. चिखलात कळणारी गोष्ट सिमेंटच्या फरशीवर पाय ठेवताच डोक्यातून गेली होती. आता वाटतं, अक्कल माणसात नसतेच, ती जागेत असते. जागा बदलली की मागेच राहते, आणि मग ती आणायला पायी परत जावं लागतं.

मी उठले आणि लेथवाल्याला म्हणाले, "बंद करा."

"काय बंद करा?"

"लेथ."

शेडमध्ये जी शांतता झाली, तिच्या आधी मालक बाहेर आले असावेत. मी घाबरत म्हणाले, "उद्याच्या टेम्पोपर्यंत असंच चालू द्या. नाही जमलं तर फळा काढून घ्या." मालक माझ्याकडे बघत राहिले, मग बंद लेथकडे, आणि वैद्यानं आशा सोडल्यासारखी मान हलवून आत गेले.

थप्प्या मापाप्रमाणे वेगळ्या लावल्या. एक साचा चढला की त्या मापाचं सगळं उरकायचं, मगच दुसरा. एका मापाची भोकं मिलिंगवरही पडू शकत होती. ती तिकडे दिली. मिलिंग मी जॉब असो नसो हिरवं ठेवायची म्हणून फिरत होतं, एवढंच. लेथवाल्याच्या हातात कानस दिली, भोकांच्या कडा घासायला.

"मी लेथवाला माणूस, कानस घासू व्हय?"

"परवा हसला होतात ना, तेवढ्याच जोरात घासा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून गेला. आक्कानं हात धुतले, डोक्यावर इरलं घेतलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

पण इर्जिकीतली तिची पाळी निघून गेली होती. लोकांच्या चिखलात ती उशिरा उतरली, म्हणून तिची खाचरं सगळ्यात शेवटी लागली, आणि तोवर रोप जून झालं होतं. हे मला लेथवाल्यानं सांगितलं, कानस घासता घासता. मी फळ्यावरचं ते वाक्य पुसून टाकलं. त्यानं तिचं रोप पुन्हा कोवळं होणार नव्हतं, पण तेवढंच माझ्या हातात होतं.

आठवड्यानं आक्का आली. नखांत चिखल, फडक्यात बांधलेली भाकरी. मी जवळ जाऊन म्हणाले, "आक्का, माझ्यामुळं तुमचं रोप..." तिनं माझ्याकडे बघितलं, ड्रिलपर्यंतच्या मोकळ्या वाटेकडे बघितलं, गप्प लेथकडे बघितलं, आणि ड्रिलचं बटण दाबता दाबता म्हणाली :

"जून हुतं, पर धरलंय त्यानं मूळ. दानं कमी भरतील, तेवढं तुमच्या नावानं बोटं मोडीन. आन् लेथ बंद दिसतुया... आज डोकं चाललंय वाटतं बाईंचं!"