बागेतली शिवराई

कर्वेनगरच्या आमच्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी कानाला हेडफोन लावून गवतावरून मेटल डिटेक्टर इस्त्रीसारखा फिरवत असतात. इथे एक दिवस शिवकाळातलं काहीतरी सापडणारच, असा त्यांचा दावा आहे. आजवर सापडली ती बाटल्यांची बुचं आणि केसांच्या पिना. खणलेला प्रत्येक खड्डा ते बुजवतात, वर गवत पुन्हा नीट बसवतात. कुणी "काही मिळालं का?" विचारलं, तर म्हणतात, "मिळाले की! तुमच्यासारखे विचारणारे."

निवृत्त झाल्यावर मी त्या बागेत तोंड पाडून बसायला लागलो. काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग एका सकाळी मशीन माझ्या हातात कोंबलं.

"अहो, जरा धरा. बुटाची नाडी सुटलीय. रिकामेच आहात तर त्या कण्हेरीपाशी फिरवा."

मी फिरवलं आणि मशीन किंचाळलं.

"खणा आता! वाजलंय तुमच्या हातात."

बोटभर खाली तांब्याचं नाणं, चक्क शिवराई! मी बागभर नाचलो.

"नशीब लागतं," ते कोरडेपणाने म्हणाले.

घरी बायकोने नाणं उलटसुलट करून पाहिलं. "इतकी वर्षं मातीत राहून तांबं एवढं लखलखीत? हे कुणीतरी चिंचेने घासलंय."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून मशीन मागितलं. "आज कुठे शोधू?"

"मला काय ठाऊक? त्या बाकाखाली बघा," असं म्हणून ते नाडी बांधायला खाली वाकले.

त्या दिवशी त्यांच्या पायात चपला होत्या.