धोंडसाचा मधला भाग

मंडळी, आज सकाळी आमच्याकडे नाश्त्याला पंधरा-वीस पाहुणे होते. सुनेनं कालच ओव्हनमध्ये फणसाचं धोंडस, म्हणजे आपला कोकणी रव्याचा केक, भाजून ठेवलं होतं. तिनं कडेकडेचे तुकडे वाढले आणि ऐटीत सांगितलं, "मधला भाग घरच्यांचा. आमच्याकडची पद्धत आहे!"

मला चहाचा ठसकाच लागला.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीत नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हाची गोष्ट. नणंदेला बघायला मुलाकडचे येणार होते आणि नाश्त्याचं धोंडस माझ्यावर आलं. गावाला चुलीवर धोंडस भाजताना वरूनही आच लागावी म्हणून झाकणावरही निखारे ठेवतात. इथे गॅस! आदल्या रात्री मी खालच्या इस्त्रीवाल्याकडून निखारे मागून आणले, तर ते झाकणावर ठेवताच विझायला लागले.

आत काय झालंय कळेना. गरम कापलं की धोंडसाचा भुगा होतो, म्हणून सकाळपर्यंत हातही लावायचा नाही. माझ्यामुळे नणंदेचं लग्न फिसकटणार, हेच डोक्यात.

सकाळी पाहुण्यांसमोर सुरी घातली. मध्ये कच्चा रवा! सासूबाईंनी शांतपणे सुरी घेतली, कडेचे तुकडे कापले आणि म्हणाल्या, "मधला भाग घरच्यांचा. आमच्याकडची पद्धत आहे."

लग्न जमलं. पद्धतही रुजली.

आज सुनेनं तो मधला भाग माझ्या ताटलीत वाढला. मी भीत भीत घास घेतला. मस्त भाजला होता हो! आता तिला काय सांगू?

तुमच्या घरातली कुठली पद्धत अशी कच्च्या धोंडसातून आलीय?