पडद्यावरची चिमी

शेजारच्या दत्तूकाकांनी गेल्या हिवाळ्यात आपली बुटकी घोडी, चिमी, मोबाईलवरच्या जनावरांच्या लिलावात विकली. गुडघे गेल्यामुळे त्यांना दोन घोड्यांचं करणं जमेना. चिमीची आई तेवढी त्यांनी ठेवली. घेणारा फोनवर म्हणाला होता, "बंगल्यात लेकरं आहेत, जीव लावतील."

काल दुपारी काकांच्या ओट्यावर बसून आम्ही सहज मोबाईलवर तिथलाच चालू लिलाव बघत होतो. पडद्यावर एक बुटकी घोडी आली. तिच्या बरगड्या दिसत होत्या आणि गळ्यात कागदी फुलांची माळ होती. काका पुढे झुकले.

"ही चिमीच आहे. कपाळावरचा चांद बघ."

बोली लावायला त्यांनी बोट पुढे केलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि बोट मागे घेतलं. मग मोबाईल तोंडाजवळ धरून हळूच हाक मारली, "चिमे." तिकडे काहीच पोचलं नाही.

पूर्वी विकलेलं जनावर वळणाआड गेलं, की ते सुखात असेल असं मनाशी धरून माणसाला जगता यायचं. आता तेवढीही सोय उरली नाही. सगळं दिसतं, आणि आपली हाक मात्र कुठेच जात नाही.

तेवढ्यात पडद्यावर चिमी खिंकाळली. मागच्या गोठ्यातून तिच्या आईने लगेच साद दिली.

बोली संपली. चिमीच्या जागी एक शेळी आली.

"कोणी नेली, कळतं का रे?" काकांनी विचारलं.

"नाही काका. नाव दाखवत नाहीत."

त्यांनी मोबाईल बंद केला. गोठ्यातली घोडी मात्र थांबून थांबून हाका देत राहिली.