रेघेखालचा चंद्र

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. मुलापुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे तर मुद्दामच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ वळते आहे.

मी चौथी शिकलो. हैदराबादच्या जामबागेत जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. कुठलंही मशीन उघडलं आणि बिघाड सापडला नाही, असं कधी झालं नाही. घमेंड आहे? हौ, आहे. ती तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी.

आमची ही संकष्टी धरते. बारा वर्षांपूर्वी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून. दिवसभर पाणी आणि चहा. चंद्र उगवला की अर्घ्य, मग घास. कॅलेंडरात वेळ छापलेली असते, पण ती मुंबईची. आमच्या हैदराबादेत चंद्र आधीच येतो. म्हणून गच्चीवर जाऊन बघणं आलं. तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तेव्हा ते काम माझं. मी वरून ओरडायचो, "आला गं!" — की ती खालीच ताम्हणात पाणी सोडायची. "तुम्ही पाहिलात म्हणजे मी पाहिला," म्हणायची.

मग आमच्या अंबरपेठच्या गल्लीत, पूर्वेलाच, पाच मजली अपार्टमेंट उभं राहिलं. चंद्र त्याच्यामागून निघायला तास तास लावू लागला. म्हातारी भुकेनं कासावीस. सूनबाई तेलुगू घरची, गुणी पोर. तिनं माझ्या फोनात आकाश घालून दिलं. फोन धरायचा, तिकडचे ग्रह-तारे नावासकट दिसतात — भिंतीआडचेसुद्धा. ती समजावू लागली तर मी म्हणालो, "मालूम है, मालूम है." मशीनच ना? मला कोण शिकवणार?

काय सांगू, त्या खेळण्यावर जीव जडला माझा. कड्यावाला शनी मी सत्तरीत बघितला! आणि संकष्टीला फोन त्या बिल्डिंगकडे धरून जरा खाली-वर केला की चंद्र हजर. "आला गं!" ती खूश. "तुमच्या फोनमुळे उपास लवकर सुटतो हो." पाच संकष्ट्या अशा गेल्या.

सहाव्या वेळी मी ओरडलो तेव्हा सून वाळलेले कपडे काढत होती. फोनात डोकावली आणि हळूच म्हणाली, "मावय्या, ही हिरवी रेघ आहे ना, ती जमीन. चंद्र अजून खाली आहे." तिनं फोन फरशीकडे वळवला — माझ्या चपलांखाली सूर्य! हे यंत्र जमिनीच्याही आरपार दाखवतं. ती रेघ मला नुसती नक्षी वाटली होती.

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

तिनं खाली सासूच्या दिशेनं बोट केलं. "अत्तय्या जेवायला बसतील आता."

खाली ताम्हण वाजलं. घास अजून उचलला नव्हता. "थांब गं!" — एवढी एक हाक पुरली असती. नाही मारली. भीती कसली होती? बायको हसेल, हीच ना? मिस्त्री एका मशीनपुढे हरला, एवढंच ना? मी कठडा धरून उभा राहिलो आणि तिला जेवू दिलं. "चेप्पनु," सून म्हणाली — सांगणार नाही. तिनं शब्द पाळला. मी खाली आलो, तर सगळ्यात मोठा मोदक माझ्या ताटात.

पुढे मी रेघ बघूनच हाक दिली. वाटलं, झाकून गेलं. पण दिवाळीनंतर माझी छाती पुन्हा दुखली, चार दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर पाय चेपता चेपता ती म्हणाली, "माझ्याच उपासात कुठं खोट राहिली असेल हो."

मी भिंतीकडे तोंड केलं.

आता ती संकष्टीला पाणीसुद्धा घेत नाही. साखरेचा आजार आहे तिला. मी ओरडतो, "नक्को करू असं!" तर हसते. "तुम्ही गप बसा. तुम्हाला यातलं काय कळतं?"

खोट कुणाची, ते मला कळतं. परवाच्या संकष्टीला दुपारी तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी समोरच चहा पीत बसलो होतो. तेव्हाही सांगितलं नाही.