बांधावर झाडं लावायला गेलो, रोपं घेऊन परत आलो

हवामान बदलतंय, आपणही काहीतरी करूया म्हणून आज सकाळी आम्ही करंजाडेच्या सोसायटीतले चौघे जांभळाची रोपं घेऊन खाडीवर गेलो.

खाडीचं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांबलचक बांध आहे. त्यावर मी पहिला खड्डा खणला आणि शेजारच्या शेतात राबणाऱ्या हिराबाई ओरडतच आल्या.

“ओ दादा, बांध फोडता काय? मुळं कुजली का भोक पडतं, तिथूनच भरतीचं पानी आत येल. खारं पानी शिरलं का भात नाय!”

“मग झाडं लावायची कुठे, मावशी?”

त्यांनी बांधापलीकडची दाट खारफुटी दाखवली. “ती हाय ना! लाटंला तीच आडवते, म्हनून आमी तोडत नाय. भरती आता पयल्यापेक्षा वर चढते. दरवर्षी बांधाला चिखल लावतो आमी.”

गुडघाभर चिखलात उभी राहून ही बाई समुद्राला थोपवून धरते, आणि आम्ही तिला पर्यावरण शिकवायला निघालो होतो!

म्हटलं, रोपं सोसायटीतच लावू. तासभर फिरलो. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. इथेही पूर्वी भातच पिकायचा.

रोपं अजून डिकीतच आहेत. तुमच्या सोसायटीत हातभर मोकळी माती सापडेल का?