कवळीकाकांचा गुडघा

माझ्या दिराचा गुडघा दुखायला लागला तेव्हा घरात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. आमचे हे म्हणाले, वजन. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, म्हणाली, फरशीचा गारवा. शेजारच्या शिंपिणीने दोन्ही कारणं मोडीत काढली आणि पोट साफ होत नसेल असं ठरवून टाकलं. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली आणि जन्मभर शाळेत तेच शिकवलेली बाई. कारण कळल्याशिवाय नुसतं तेल चोळत बसणं मला जमत नाही.

भावोजी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा साचा घेतात, तो प्रयोगशाळेत जातो, तिथे मेणाच्या हिरडीत दात रोवतात आणि ते पुन्हा डॉक्टरकडे मापाला येतात. ही सगळी ने-आण भावोजी सायकलवरून करत. मागे कॅरिअरला लाकडी पेटी, पेटीत कापूस, कापसात दात. मेण मऊच असतं. पेटी कलली की दात सरकतात आणि कारागिराची मेहनत पाण्यात जाते. भावोजींच्या हातून तसं कधी झालं नव्हतं, हे त्यांचे मालक येईल त्याला ऐकवत. गल्लीतली मुलं त्यांना कवळीकाका म्हणत आणि ते त्यावर खूश असत. "अर्धं गाव माझ्या जिवावर जेवतं, वहिनी," असं मला सांगत. "उरलेलं अर्धं अजून दात घासतंय म्हणून वाचलंय."

गुडघ्याने ही ऐट उतरवली. सायकलवरून उतरले की ते लंगडत आणि पायरीवर बसून राहत. मालकांच्या नजरेला ते आलंच. "पाय दुखतो ना? मग खाली तळघरात बसा, साच्यांचं प्लॅस्टर कालवा," असं ते म्हणाले. बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण तळघराला खिडकी नाही, पांढरी धूळ हवेत तरंगत असते आणि तिथला आधीचा माणूस खोकत खोकत घरी बसला होता. भावोजी माझ्याकडे आले. "वहिनी, काहीही करा, पण मला बाहेर ठेवा. मी त्या भोकात नाही बसणार."

मी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "वयोमान."

"वयोमान चालताना कुठे जातं मग?" मी विचारलं. "चालताना दुखत नाही, जिना चढताना फारसं नाही. सायकलवर बसलं की दुखतं."

"मग सायकल बंद करा."

"ती बंदच करायची असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

भावोजी माझ्या पदराला हळूच ओढत होते. त्यांना कोणाशी वाजलेलं चालत नाही.

डॉक्टरने काही दिलं नाही तरी मला माझा धागा मिळाला होता. कारण पायात नव्हतं, सायकलवर होतं. दुसऱ्या दिवशी ते कामाला निघाले तेव्हा मी गॅलरीत उभी राहून नीट पाहिलं. वर्षानुवर्षं पाहत होते, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. लहान पोराच्या सायकलवर बाप्या बसावा तसे ते दिसत होते. गुडघे हँडलपर्यंत वर येत होते आणि पाय खाली गेला तरी सरळ म्हणून होत नव्हता. दिवसभर वाकल्या गुडघ्यानेच ओझं ढकलायचं म्हटल्यावर तो बोंबलणार नाही तर काय करील?

"सीट खाली गेलीय तुमची!" संध्याकाळी ते दारात यायच्या आतच मी ओरडले. "एवढ्याशा गोष्टीसाठी आपण फोटो काढत बसलो!"

मला वाटलं होतं, ते उडी मारतील. ते नुसतं "असेल" म्हणाले.

सुट्टीच्या सकाळी मी पाना घेऊन अंगणात बसले. जाऊ चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आता हेच राहिलं होतं." बोल्ट ढिला करून मी सीटची नळी वर खेचली. नळीवर गंज होता आणि गंजात चकचकीत कडी उमटली होती. एक वर, तिच्याखाली थोडं सरून दुसरी, मग तिसरी. जिथे जिथे पट्टी आवळली होती तिथे तिथे खूण. सीट आपोआप घसरली असती तर लांब ओरखडा दिसला असता. ही कोणीतरी थांबून थांबून बदलली होती.

"कोणी केली खाली?"

"मीच."

"आणि गुडघा दुखतोय म्हणून गावभर मला फिरवलंत?"

"सीटचा आणि गुडघ्याचा संबंध मला काय ठाऊक? खाली घेतली की पाय टेकतात. पेटी हलत नाही. मेण असतं ना."

"मेण काय आत्ता मऊ झालं? इतकी वर्षं उंच सीटवरून नेतच होतात की."

ते जावेच्या हातातल्या कपाकडे बघत राहिले. माझ्या अंगात कारण सापडल्याचं वारं शिरलं होतं. मी सीट सगळ्यात वरच्या खुणेला आणली, बोल्ट आवळला आणि म्हटलं, "बसा. एक फेरी मारा. मग सांगा दुखतंय का."

ते बसले. कोपऱ्यापर्यंत छान गेले, पाठ ताठ, पाय लांब. जाऊ हसलीसुद्धा. कोपऱ्यावर भंगारवाल्याची हातगाडी उभी होती, कडेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. भावोजी सरळ तिच्यावर गेले. ब्रेक लागला नाही, घंटी वाजली नाही, हँडल वळलं नाही. पाय टेकायला जमीन सापडली नाही आणि ते पेटीसकट आडवे झाले.

आम्ही धावलो. पेटीत आदल्या दिवसाचे साचे होते, ते फुटून रस्त्यावर पसरले होते. भावोजी गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत तुकडे गोळा करत होते. "ही गाडी कुठून आली मध्येच?"

"मध्येच?" भंगारवाला म्हणाला. "काका, मी सकाळपासून इथेच आहे. मघाशी चालत जाताना तुम्ही मला हात केलात."

त्यांच्या हाताशेजारी, उजव्या बाजूला, साच्याचा मोठा तुकडा पडला होता. तो त्यांना दिसत नव्हता. मी खाली बसले.

"भावोजी, आधी सीट उंच चालायची. मग खाली का घेतलीत?"

"आधी रस्ता दिसायचा, वहिनी."

जाऊ त्यांच्याजवळ खाली बसली. तिलाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, कडेचं हळूहळू जायला लागलं, पण समोरचं दिसत होतं. पाय जमिनीजवळ असले की धीर वाटायचा. आणखी कमी दिसलं की सीट आणखी खाली. कोणाला सांगितलं तर सायकल गेली असती.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. "बाजूची नजर गेली आहे, उजवीकडची जास्त. गेलेली परत येत नाही. थेंब घाला, उरलेली जपायचा प्रयत्न करू."

"आणि सायकल?" भावोजींनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघून सांगा," मी म्हटलं. "विचारतायत ते."

बाईंनी सांगितलं.

ते तळघरात गेले. दुसरीकडे कुठे जाणार होते? मालकांनी फुटलेल्या साच्यांचा विषयही काढला नाही. जाऊ रोज थेंब घालते. गुडघ्याचं म्हणाल तर सायकल सुटली आणि गुडघा थांबला. आता त्यात काही दुखत नाही, आणि घरात कोणी त्याबद्दल विचारतही नाही.

परवा जाऊ आजारी होती म्हणून डबा घेऊन मी गेले. अरुंद जिना, खाली एक दिवा, भिंतींवर पांढरा थर. ते बशीत प्लॅस्टर कालवत होते. चमचा सरळ धरून, अजून हातात मेणच असल्यासारखं जपून. उजवीकडचं दिसत नाही म्हणून मी डबा त्यांच्या डाव्या हाताशी टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. नव्या माणसाला मोटारसायकल दिलीय, तो फार धसमुसळा आहे, असं सांगत होते. मग त्यांनी हात धुतले, पुसले आणि माझ्या दिशेने मान वळवली.

"वहिनी, आज डबा नाही आणलात?"